किनोसाकी ओन्सेनला जाताय? सात न्हाणीघरांच्या गावात एक मुक्काम कसा करायचा, सगळं सविस्तर

जपानची ट्रिप ठरवताना कोणीही विचारलं की मी एकच सांगते, ओसाका-क्योटोच्या दिवसांतली एक रात्र काढा आणि किनोसाकी या ओन्सेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, गावाला द्या. रात्र म्हणतेय मी, दिवस नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारे लोक दोन न्हाणीघरं बघतात, फोटो काढतात आणि मग म्हणतात की छान आहे पण एवढं काय. त्यांचं चुकत नाही, कारण दुपारी ते एक छोटंसं शांत गाव असतं. खरी मजा सुरू होते संध्याकाळी पाचनंतर, जेव्हा अख्खं गाव युकाता (सुती किमोनो) घालून गेता (लाकडी चपला) खडखडवत नदीकाठी बाहेर पडतं. मी ओसाकात राहते, स्वतः दोनदा जाऊन आले होते आणि मग आई-बाबा आले तेव्हा त्यांना घेऊन गेले, त्यामुळे खाली जे लिहितेय ते आपल्या घरातल्या माणसांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय.

आधी गावाबद्दल थोडं, कारण ते माहीत असलं की तिथे गेल्यावर बघण्यात फरक पडतो.

किनोसाकी ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, जपानच्या समुद्राच्या बाजूला, तोयोओका शहराच्या हद्दीत आहे. जुनी कथा अशी की दोची शोनिन नावाच्या एका बौद्ध साधूने लोकांचे आजार बरे व्हावेत म्हणून हजार दिवस प्रार्थना केली आणि ७२० साली इथे गरम पाणी उसळलं, ते ठिकाण म्हणजे आजचं मांदारायू न्हाणीघर. त्याहूनही जुनी कथा कोउनोयू या दुसऱ्या न्हाणीघराची, एक जखमी करकोचा रोज येऊन त्या पाण्यात पाय बुडवून उभा राहायचा आणि बरा होऊन उडून गेला म्हणे. म्हणजे १३०० वर्षांचं गाव. पण तुम्हाला जे दिसतं ते तेवढं जुनं नाही, कारण २३ मे १९२५ ला मोठा भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि गाव जवळजवळ सगळं जळलं. लोकांनी ते परत उभं केलं, तेही तसंच लाकडी, तसंच बुटकं. मधून वाहणाऱ्या ओतानी नदीच्या काठाला जो काळा दगड रचलाय तो जवळच्या गेन्बुदो गुहेचा, भूकंपात तिथे कोसळलेला. त्या गुहेकडे पुढे येतेच.

गावाची खरी गंमत तिथल्या व्यवस्थेत आहे. तिथले लोक म्हणतात की सगळं गाव मिळून एकच रियोकान (पारंपरिक जपानी खाणावळ-मुक्काम) आहे, स्टेशन म्हणजे दरवाजा, रस्ते म्हणजे पडव्या, हॉटेलं म्हणजे खोल्या आणि सात सार्वजनिक न्हाणीघरं म्हणजे बाथरूम. हे नुसतं जाहिरातीचं वाक्य नाही. १९२७ मध्ये एका रियोकानने स्वतःच्या इमारतीत गरम पाण्याचं स्नानघर बांधलं तेव्हा गावाने हरकत घेतली, पाणी सगळ्यांचं आहे म्हणून, आणि ते भांडण कोर्टात जाऊन १९५० ला तडजोड होईपर्यंत चाललं. आत स्नानघरं बांधायला परवानगी मिळाली पण लहान. म्हणून आजही पाहुण्याला आंघोळीसाठी बाहेरच पडावं लागतं आणि म्हणूनच रस्ते जिवंत आहेत. मला हे फार आवडतं.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत खेकड्याचा सीझन, मात्सुबा खेकडा म्हणतात त्याला, तेव्हा रेट चढलेले असतात आणि शनिवारी तर खोली मिळतच नाही. खेकडा खाणारे असाल तर तेव्हाच जा, बर्फ पडत असताना उघड्यावरच्या गरम पाण्यात बसण्याचं सुख शब्दांत सांगता येणार नाही. शाकाहारी असाल तर ते पैसे फुकट घालवू नका, एप्रिलच्या सुरुवातीला जा, नदीकाठी चेरी फुलते, किंवा ऑक्टोबरमध्ये. १४-१५ ऑक्टोबरला दांजिरीचा उत्सव असतो, लाकडी रथ फिरवतात. उन्हाळ्यात गर्मी आणि दमटपणा आपल्या मुंबईसारखाच, पण रात्री नदीवर छोटी आतषबाजी असते. कधीही जा, फक्त रविवार ते गुरुवार यातली रात्र धरा.

कसं पोचायचं

क्योटोहून 'किनोसाकी' नावाचीच लिमिटेड एक्स्प्रेस आहे, साधारण अडीच तास. ओसाकाहून 'कोउनोतोरी', पावणेतीन तासांच्या आसपास. कोउनोतोरी म्हणजे तोच कथेतला करकोचा. हिमेजीचा किल्ला बघून जाणार असाल तर 'हामाकाझे' तिथून जाते पण तिच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच. एक लक्षात ठेवा, या नावाच्या सगळ्या गाड्या किनोसाकीपर्यंत जात नाहीत, काही फुकुचियामा किंवा तोयोओकालाच संपतात, तिथे उतरून दुसरी पकडावी लागते, तेव्हा तिकीट काढताना शेवटचं स्टेशन 'किनोसाकी ओन्सेन' आहे का ते बघा. जेआर पास (परदेशी पाहुण्यांसाठीचा जपान रेल्वेचा पास) असेल तर हे सगळं त्यात येतं, आणि फक्त कानसाई भागात, म्हणजे ओसाका-क्योटोच्या आसपासच फिरणार असाल तर पाच दिवसांचा कानसाई वाइड एरिया पास घ्या, तो इथपर्यंत चालतो. गाडीत खायला विकायला कोणी येत नाही, स्टेशनवरूनच घेऊन चढा. ठेपले असतील तर उत्तम.

दुपारी दोनच्या आत पोचा असं मी म्हणेन. चेक-इन बहुतेक ठिकाणी तीनला असतं पण स्टेशनसमोरच्या माहिती केंद्रात सामान ठेवता येतं.

खोली बुक करताना

इथे सगळ्यात जास्त लोक गोंधळतात. रियोकानचा रेट बहुतेक वेळा माणशी असतो, खोलीमागे नाही, आणि त्यात रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरलेलं असतं. आकडा बघून छाती दडपते, पण दोन जेवणं आणि सातही न्हाणीघरांची एंट्री त्यातच आहे हे लक्षात घ्या. 'सुदोमारी' म्हणजे जेवणाशिवाय नुसता मुक्काम, तो स्वस्त पडतो. वरून ओन्सेनचा कर असतो, माणशी १५० येन रात्रीला.

आता शाकाहाराचं. हे नीट वाचा. जपानी जेवणात दाशी नावाचं पाणी सगळीकडे असतं, सुकवलेल्या माशाचं, आणि तुम्ही 'मी मांस-मासे खात नाही' म्हटलंत तरी सूपमध्ये, भाजीत, टोफूवरच्या रसात दाशी येतेच, कारण त्यांच्या दृष्टीने तो मासा नव्हेच. मी पहिल्यांदा एका ठिकाणी नुसतं व्हेजिटेरियन लिहिलं होतं आणि समोर नऊ वाट्या आल्या, त्यातल्या भात, लोणचं आणि फळ सोडून काही खाता आलं नाही. पुढच्या वेळी बुकिंग करतानाच लिहिलं: निकू मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देसु. म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, दाशीसुद्धा नाही. त्यांनी आठ दिवस आधी उलट मेल करून अंडं चालेल का, दूध चालेल का, कांदा चालेल का असं एकेक विचारलं. काही जण सरळ सांगतात की जमणार नाही, आणि ते बरंच, मग तुम्ही सुदोमारी घ्या आणि बरोबर उपम्याची, पोह्यांची पाकिटं ठेवा, खोलीत गरम पाण्याची किटली असतेच. ऐनवेळी पोचल्यावर मात्र काही सांगू नका, तिथे जेवणाची तयारी माणूस मोजून आधीच झालेली असते.

जेवणाची वेळही ठरलेली असते, सहा किंवा साडेसहा, आणि ती पाळायची. आपल्याकडच्यासारखं नऊला जेवू म्हटलं तर चालत नाही. गावातली दुकानं लवकर मिटतात, रात्री दहानंतर पोटात काही टाकायचं म्हटलं तर पंचाईत होते.

युकाता आणि गेता

खोलीत गेलात की युकाता ठेवलेला असतो. डावी बाजू वर, उजवी खाली, हे पाठच करा, कारण उलटं फक्त मृत माणसाला नेसवतात. आईने पहिल्यांदा उलटाच गुंडाळला आणि चहा घेऊन आलेल्या बाईंनी तिला हाताला धरून उभं केलं, काही न बोलता सोडला, परत नेसवला, पट्टा घट्ट ओढला आणि पाठीवर हलकेच थोपटलं. पुरुषांनी पट्टा कमरेच्या खाली, पोट वर राहील असा बांधायचा, बायकांनी कंबरेला. आतून अंतर्वस्त्रं घालायची. थंडीत वरून हान्तेन नावाचं जाड जाकीट देतात.

गेता घालून चालायला दहा मिनिटं लागतात शिकायला. टाच थोडी मागे बाहेर राहू दे, पाऊल उचलून टाकू नका, जरा पुढे कलून छोटी छोटी पावलं. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा बर्फ असेल तर सरळ आपले बूट घाला, कोणी काही म्हणत नाही. बाबा दुसऱ्या दिवशी स्पोर्ट्स शूज आणि युकातावरच हिंडले.

रियोकानवाले तुम्हाला युमेपा देतात, बारकोडचा पास, तो दाखवला की सातही न्हाणीघरं फुकट. कधीपासून कधीपर्यंत चालतो ते काउंटरवर विचारून घ्या, सहसा दुसऱ्या दिवशीही चालतो. आणि तिथेच विचारा की आज कुठलं बंद आहे, कारण प्रत्येकाचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस वेगळा आहे आणि यानागीयू तर दुपारीच उघडतं. मुक्कामाला नसाल तर दिवसाचा पास पैसे देऊन मिळतो.

प्रत्यक्ष आंघोळ

आता मुख्य मुद्दा. हो, कपडे पूर्ण काढायचे. स्विमसूट चालत नाही, पंचा गुंडाळून पाण्यात उतरता येत नाही. स्त्रिया आणि पुरुष पूर्ण वेगळे. आपल्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय, तिथे कपड्यांसकट उतरतो, त्यामुळे हे ऐकूनच निम्मे लोक बेत रद्द करतात. आई दारापर्यंत येऊन म्हणाली, तू जा, मी बाहेर बाकावर बसते. मी म्हटलं, आत ये, कपडे बदलायच्या खोलीत बस, नाही वाटलं तर नको. आत सत्तरीच्या दोन आज्या केस विंचरत गप्पा मारत होत्या, एक आई लहान मुलीचं अंग पुसत होती, आणि कोणीही, खरंच कोणीही, मान वर करून बघत नव्हतं. आई पाच मिनिटं बसली आणि मग स्वतःच उठून लॉकर उघडला. लाज पहिली पाच मिनिटंच असते, तेवढी पार करा.

क्रम असा. दाराशी चपला काढून कप्प्यात ठेवायच्या. पडदा बघायचा, पुरुषांच्या अक्षरात वर खिडकीसारखी चार खणांची चौकट असते, बायकांच्या अक्षरात चौकट नसते. काही ठिकाणी दोन बाजू आलटून पालटून बदलतात, त्यामुळे काल कुठून गेलो होतो यावर जाऊ नका, दर वेळी अक्षर बघा. आत कपडे लॉकरमध्ये, फोन लॉकरमध्येच, तो बाहेर काढणं हा मोठा अपराध आहे. हातात फक्त छोटा टॉवेल.

मग आत भिंतीला लागून नळ, त्यापुढे बुटकी स्टुलं आणि बादल्या. बसून आंघोळ करायची, उभं राहून शॉवर घेतला तर शेजारच्यावर पाणी उडतं. साबण, शाम्पू तिथेच असतो, स्वच्छ घासून, फेसाचा थेंब राहणार नाही असं धुवायचं. आपल्यासाठी खास सूचना, डोक्याला तेल असेल तर दोनदा शाम्पू करा, कुंकू-हळद पुसून घ्या, लांब केस वर घट्ट बांधा, केसाचं टोकसुद्धा पाण्यात पडू देऊ नका. नंतर स्टूल-बादली धुऊन जागच्या जागी. मोठ्या हौदात आपण स्वच्छ होऊन उतरायचं, स्वच्छ व्हायला उतरायचं नाही.

मंगळसूत्र, बांगड्या शक्यतो खोलीतल्या तिजोरीत ठेवा, गरम पाण्यात धातू तापतो. आईने मंगळसूत्र काढलं नाही, त्यालाही कोणी हरकत घेतली नाही. टॅटू असेल तर काळजी नको, जपानमध्ये खूप ठिकाणी अडवतात पण किनोसाकीच्या सातही सार्वजनिक न्हाणीघरांत चालतो.

पाणी साधारण ४२ डिग्री, थोडं खारट, अंगाला लागलं की आधी चटकाच वाटतो. बादलीने पायावर, मग खांद्यावर पाणी घ्या आणि हळू उतरा. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर. पोहायचं नाही, डुबकी मारायची नाही. आणि पाच-सात मिनिटांत बाहेर या. हे मी कळकळीने सांगतेय कारण बाबा तिसऱ्या न्हाणीघरात पंधरा मिनिटं बसले आणि एकदम उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, शेजारच्या एका आजोबांनी दंड धरून कठड्यावर बसवलं, गार पाण्याचा टॉवेल मानेवर ठेवला. भाषा एक शब्द नाही. याला तिथे नोबोसे म्हणतात आणि ते कोणालाही होतं. म्हणून आधी आणि नंतर पाणी प्या, भरल्या पोटी लगेच उतरू नका, दारू पिऊन तर मुळीच नाही, बीपी-हार्टचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाळी चालू असेल तर हौदात उतरू नये. बाहेर येताना दाराशीच अंग पुसा, कपड्यांच्या खोलीत ओली पावलं उमटवू नका.

कुठली न्हाणीघरं, कुठल्या क्रमाने

सातही करायचा हट्ट नको, एका मुक्कामात चार भरपूर झाली. गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांचं आहे. स्टेशनला लागून सातोनोयू, मग जिझोयू, छोटंसं यानागीयू, मधोमध इचिनोयू, पुढे गोशोनोयू, आत गल्लीत मांदारायू आणि सगळ्यात शेवटी कोउनोयू.

मी असं करेन: जेवणाआधी इचिनोयू, नावाचा अर्थच पहिल्या नंबरचं न्हाणीघर, एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) कागावा नावाच्या एका वैद्याने याचं पाणी देशात सर्वोत्तम म्हटलं त्यावरून पडलेलं, आणि आत खडक कोरून केलेल्या गुहेत बसता येतं. जेवण झाल्यावर तासभर थांबून गोशोनोयू, राजवाड्यासारखं छप्पर आणि मागे डोंगरावरून पडणारं पाणी, गर्दी असतेच पण रात्री साडेनऊनंतर ओसरते. परत येताना नदीच्या कडेने या, वाळुंजाची झाडं, दगडी कमानीचे पूल, पिवळे दिवे. पूल ओलांडताना थांबून ऐका, पुढे-मागे सगळीकडून गेतांचा खड खड आवाज येतो. आईला तो खडावांचा वाटला, तिच्या आजोबांच्या.

रियोकानचं दार रात्री कितीला बंद होतं ते मात्र निघतानाच विचारा.

सकाळी सातला कोउनोयू. सगळ्यात जुनं, सगळ्यात लांब, म्हणून सगळ्यात शांत, बाहेर बागेतला हौद आणि वर डोंगरातलं धुकं. नवरा-बायकोचं सुख आणि दीर्घायुष्य यासाठी ते प्रसिद्ध आहे, आणि उघडताना सर्वात आधी आत जाणाऱ्याला एक खास फळी मिळते, आमच्या आधी दोघं उभे होते त्यामुळे आम्हाला मिळाली नाही.

दुसरा दिवस

चेक-आउट लवकर असतं, सामान तिथेच ठेवायला सांगा. रोपवेने डोंगरावर जा, मधल्या स्टेशनवर ओन्सेनजी देऊळ आहे, ७३८ सालचं. पूर्वी यात्रेकरूंनी आधी या देवळात येऊन नमस्कार करायचा, आंघोळीची रीत शिकायची, पळी घ्यायची आणि मगच पाण्यात उतरायचं अशी पद्धत होती. वरून मारुयामा नदी समुद्राला मिळताना दिसते. रोपवे काही गुरुवारी बंद असतो. खाली पायथ्याशी उकळता झरा आहे, शेजारच्या दुकानात जाळीत बांधलेली अंडी मिळतात, ती झऱ्यात सोडून दहा-बारा मिनिटं पाय गरम पाण्यात बुडवून बसायचं आणि मीठ लावून खायची.

वेळ असेल तर गेन्बुदो अजिबात चुकवू नका, टॅक्सीने जा. सोळा लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे सहा बाजूंचे खांब, एकाला एक चिकटलेले. आपण बेसॉल्टच्या देशातले लोक, अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी बघितलीय त्यांना ओळख पटेलच, तोच प्रकार, फक्त आपला दगड कितीतरी जुना. बेसॉल्टला जपानीत गेन्बुगान म्हणतात ते या गुहेवरूनच. आणि १९२६ मध्ये मातुयामा मोतोनोरी या शास्त्रज्ञाला याच दगडात चुंबकत्व उलट्या दिशेचं सापडलं, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कधीकाळी उलटे होते हे पुढे जगाने मान्य केलं त्यातला एक मोठा पुरावा इथला. बाबा जिओलॉजीचे नाहीत, पण हात लावून बराच वेळ उभे होते.

तोयोओकात उतरून करकोच्यांचं उद्यानही बघता येतं. जपानातला शेवटचा जंगली करकोचा १९७१ ला याच भागात गेला, मग माणसांनी परत वाढवून २००५ पासून आकाशात सोडले, आता भातशेतात उभे दिसतात. गाडीच्या खिडकीतूनही दिसतात कधी कधी, नदीच्या बाजूला बसा.

निघताना युकाता खोलीत घडी करून ठेवायचा, तो न्यायचा नसतो. रियोकानचं नाव छापलेला पातळ छोटा टॉवेल मात्र बहुतेक ठिकाणी घरी नेता येतो, काउंटरवर एकदा विचारून घ्या. आईचा डोंबिवलीच्या गॅलरीत अजून दोरीवर दिसतो, व्हिडिओ कॉल केला की.